कमी जोडलेला की जास्त जोडलेला?

"ऑटिझमबद्दल इतकी वर्षं आपण फक्त बाहेरून बोलत होतो," आशावादी म्हणाला. "१९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं जे वर्णन लिहिलं, ते आजही वाचावं असं आहे. पण ते वर्णनच. मूल नजर देत नाही, एकच खेळ तासन्‌तास खेळतं, शब्द आहेत पण गप्पा नाहीत, हे सगळं वरवर दिसणारं. आत काय चाललंय याचा अंदाज यायला साठ वर्षं गेली. २००४ मध्ये पिट्सबर्गच्या मार्सेल जस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेल्या सतरा आणि नसलेल्या सतरा जणांना एमआरआय यंत्रात झोपवून वाक्यं वाचायला दिली. वाक्यं दोन्ही गटांना समजत होती. फरक होता तो मेंदूचे भाग एकमेकांशी किती ताल धरून काम करतात, यात. ऑटिझमच्या गटात तो ताल कमी होता. त्यातून एक मोठा विचार पुढे आला : गडबड एखाद्या ठरावीक भागात नाही, भागाभागांमधल्या जोडणीत आहे. एकाच मुलाची भाषा, नजर, हालचाल, आवाज सहन करण्याची ताकद हे सगळं वेगळं का असतं, याचं पटेल असं उत्तर पहिल्यांदा मिळालं."

"उत्तर मिळालं म्हणू नका. कल्पना मिळाली म्हणा," शंकेखोर बाईंनी तिथेच अडवलं.

या दोघांची नावं सांगायची गरज नाही. तो मेंदूच्या प्रतिमांमध्ये रमलेला, ती मुलांबरोबर सतरंजीवर बसून काम करणारी. दोघांनाही विषय ठाऊक आहे, म्हणूनच भांडण ऐकण्याजोगं होतं.

"आधी जोडणी म्हणजे तुम्ही नेमकं काय मोजता, ते तरी लोकांना सांगा," ती पुढे म्हणाली. "यंत्र काही चेतापेशींचं बोलणं ऐकत नाही. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की काही सेकंदांनी तिथे प्राणवायूने भरलेलं ताजं रक्त येतं. यंत्र टिपतं ते त्या रक्तातला बदल. दर दोन-एक सेकंदांना एक चित्र, अशी पाच-दहा मिनिटं. मग दोन भागांच्या चढउताराच्या रेषा शेजारीशेजारी ठेवायच्या आणि त्या किती बरोबरीने वरखाली होतात त्याचा आकडा काढायचा. भरत बिस्वाल यांनी १९९५ मध्ये दाखवलं की माणूस काहीही न करता नुसता पडून असला, तरी डावा आणि उजवा हात हलवणारे मेंदूचे भाग असे बरोबरीने वरखाली होत असतात. शोध देखणाच होता. पण आकडा आहे तो सहसंबंधाचा. आमच्या गल्लीत लाइट जाते तेव्हा समोरासमोरच्या दोन घरांतले दिवे एकाच क्षणी जातात. म्हणून त्या दोन घरांमध्ये वायर टाकलेली असते का? दोघांचा ट्रान्सफॉर्मर एक असतो. तुमच्या रंगीत चित्रात मात्र त्या घरांमध्ये जाड लाल रेघ ओढलेली असते, आणि आईबाप ती बघून मला विचारतात, 'मॅडम, ही वायर जोडून मिळेल का?'"

आशावाद्याला हे उदाहरण लागलं नाही, उलट आवडलं. "ट्रान्सफॉर्मर एक आहे हे कळणंही थोडं नाही," तो म्हणाला. "मेंदूत तसा एक भाग आहेच, थॅलॅमस. वास सोडला तर डोळे, कान, त्वचा यांच्याकडून येणारी जवळजवळ सगळी खबर त्याच्यामार्फत वर जाते. ऑटिझममध्ये थॅलॅमस आणि मेंदूच्या पृष्ठभागावरचे काही भाग यांच्यातला सहसंबंध जास्त असल्याचं एकाहून अधिक अभ्यासांत दिसलंय. मिक्सर सुरू झाला की कान दाबून घेणारं, शर्टाच्या कॉलरचं लेबल कापल्याशिवाय शर्ट अंगात न घालणारं मूल तुम्ही रोज बघता. त्या मुलाच्या बाबतीत हा शोध काही सांगू पाहतोय, असं तुम्हाला वाटत नाही?"

"वाटतं. म्हणूनच भीती वाटते. वाटण्याइतकं सोपं दुसरं काही नसतं. आणि आत्ता तुम्ही 'जास्त' म्हणालात. मघाशी २००४ मध्ये 'कमी' होतं."

इथे आशावाद्याला आपली बाजू सविस्तर मांडावी लागली, आणि त्याने ती चांगली मांडली. २००४ नंतरची काही वर्षं 'कमी जोडणी'चा सिद्धान्त जोरात होता. दूरदूरच्या भागांमधली जोडणी कमी, जवळजवळच्या भागांमधली जास्त, अशी त्याला पुढे पुस्तीही जोडली गेली. पण ते बरेचसे अभ्यास मोठ्या मुलांवर आणि प्रौढांवर झालेले. २०१३ मध्ये स्टॅनफर्डमधल्या विनोद मेनन यांच्या प्रयोगशाळेतून कौस्तुभ सुपेकर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, तो शाळकरी वयाच्या लहान मुलांचा. त्यात चित्र उलटं निघालं. ऑटिझम असलेल्या मुलांच्या मेंदूत जोडणी जास्त होती, आणि ज्यांच्यात ती अधिक, त्यांच्या सामाजिक अडचणीही अधिक. (सुपेकर हे आडनाव वाचून मराठी वाचक जरा सावरून बसेल, मुलं मात्र तिकडचीच.)

"लहानपणी जास्त, मोठेपणी कमी," आशावादी म्हणाला. "यात विसंगती कुठे आहे? मेंदू वाढतो तो आधी भरमसाट जोडण्या करून आणि मग नको त्या छाटून. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड सल्झर यांच्या गटाने मुलांच्या आणि तरुणांच्या मरणोत्तर दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास करून २०१४ मध्ये छापला. चेतापेशींच्या फांद्यांवर बारीक काटे असतात, जोडण्या बहुतेक त्यांच्यावर होतात. सर्वसाधारण मेंदूत हे काटे बालपण संपता संपता निम्म्यावर आले होते. ऑटिझम असलेल्यांच्या मेंदूत घट फक्त १६ टक्के. म्हणजे छाटणी अपुरी. यंत्रातली वाढलेली जोडणी आणि सूक्ष्मदर्शकाखालचे उरलेले काटे एकाच दिशेला बोट दाखवतात."

"बोट दाखवतात, पण मधला रस्ता कोणी चाललेलं नाही," ती म्हणाली. "ते मेंदू वेगळ्या मुलांचे, यंत्रातली मुलं वेगळी. शिवाय त्याच २०१३ मध्ये त्याच प्रयोगशाळेतून दुसरा अभ्यास आला, तो तुम्ही गाळलात. माणसाचा आवाज ओळखणारा मेंदूचा भाग आणि सुख देणारी केंद्रं यांच्यातली जोडणी ऑटिझम असलेल्या मुलांत कमी आढळली. तोही मला पटतो. आईच्या हाकेकडे मूल का वळत नाही, याचं छान स्पष्टीकरण त्यातून मिळतं. अडचण तीच आहे. जास्त निघालं तरी स्पष्टीकरण तयार, कमी निघालं तरी तयार. कोणता निकाल लागला असता तर तुम्ही म्हणाला असतात की चला, आपला सिद्धान्त चुकला?"

प्रश्न बोचरा होता. आशावाद्याने त्याला सरळ उत्तर दिलं नाही. दोन निष्कर्ष वेगवेगळ्या भागांबद्दलचे आहेत, एकाच मेंदूत काही रस्ते रुंद आणि काही अरुंद असू शकतात, एवढंच तो म्हणाला. ते खरंही आहे. पण मग 'कमी की जास्त' हा प्रश्नच मोडीत निघतो, हे त्याने कबूल करायला हवं होतं. ते करायला त्याला आणखी थोडा वेळ लागला, आणि त्याला भाग पाडलं ते डोक्याच्या हालचालीने.

"तुम्ही कधी आठ वर्षांच्या मुलाला त्या नळकांड्यात ठेवलंय?" शंकेखोर बाईंनी विचारलं. "कपाळ आणि गाल यांच्या बाजूने फोमच्या गाद्या खोचतात. तोंडावर पिंजऱ्यासारखी कॉइल येते. कानात बोळे, वर हेडफोन, तरी ठोकल्यासारखा आवाज आत येतोच. सांगतात, डोळे उघडे ठेव, समोरच्या फुलीकडे बघ आणि हलू नकोस. मूल हलत नाही. पण गिळतं, खोल श्वास घेतं, पायाला खाज येते म्हणून अंगठा वळवतं, आणि डोकं अर्धा मिलिमीटर सरकतं. डोळ्याला ते दिसतही नाही. २०१२ मध्ये सेंट लुइसच्या जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी, आणि त्याच सुमारास आणखी दोन गटांनी दाखवून दिलं की एवढ्याशा हालचालीनेही आकडे बदलतात. ते कसे बदलतात तेही ऐका. जवळजवळच्या भागांमधला सहसंबंध वाढतो आणि दूरदूरच्या भागांमधला घटतो. आता तुमची ती सिद्धान्ताची पुस्ती आठवा."

जवळची जास्त, दूरची कमी. हुबेहूब.

"ऑटिझम असलेली मुलं यंत्रात सरासरीने जास्त हलतात," तिने पुढचा घाव घातला. "लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हलतात. म्हणजे कित्येक वर्षं आपण मेंदूची रचना म्हणून जे छापलं, त्यातला काही वाटा पायाच्या खाजेचा होता. किती, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. बेन डीन आणि केव्हिन पेल्फ्री हे याच क्षेत्रातले. त्यांनी त्याच वर्षी 'नेचर'मध्ये लिहिलं की जोडणीच्या या सगळ्या निष्कर्षांकडे पुन्हा बघायला हवं. पुढे २०१४ मध्ये नॅन्सी कॅनविशर यांच्या गटाने मेंदूतल्या पांढऱ्या तंतूंच्या जुड्या मोजल्या. त्यांनी दोन्ही गटांत सारखंच हललेली मुलं निवडून मग तुलना केली. सगळीकडचे फरक विरून गेले, उरला तो उजव्या बाजूच्या एका जुडीतला. इथे मला त्या शास्त्रज्ञांचं कौतुकही वाटतं. स्वतःच्या कामाचा पाया स्वतः खणून बघणारे लोक कमी. पण पालकांपर्यंत पहिली बातमी पोचली होती, दुसरी पोचलीच नाही."

आशावादी हे सगळं मान्य करत गेला. हालचालीचा प्रश्न कळल्यापासून हे शास्त्र बदललं, हा त्याचा मुद्दा होता. आता प्रत्येक चित्रामागे डोकं किती हललं ते नोंदवतात, जास्त हललेली चित्रं टाकून देतात. मुलांना आधी खोट्या यंत्रात झोपायची सवय करतात. नुसतं फुलीकडे बघायला लावण्याऐवजी 'इनस्केप्स'सारखी संथ आकृत्यांची फिल्म दाखवतात, तेव्हा मुलं कमी हलतात. आणि मुख्य म्हणजे वीस मुलांचे अभ्यास जाऊन शेकड्यांचे आले. २०१२ मध्ये 'अबाइड' नावाचा साठा जगाला खुला झाला. सतरा केंद्रांनी आपापली चित्रं एकत्र ओतली, एकूण १,११२ जणांची. त्यांतले ५३९ ऑटिझम असलेले. कोणीही उतरवून घ्यावं आणि पडताळावं.

"आणि या मोठ्या आकड्यांतही फरक टिकले," तो म्हणाला. "२०१९ मध्ये होलिगा आणि सहकाऱ्यांनी चार स्वतंत्र गट तपासले. चारही ठिकाणी एकच नकाशा : संवेदना आणि हालचालींच्या भागांत जोडणी कमी, मेंदूच्या पुढच्या आणि वरच्या भागांत जास्त. याला तरी खाज म्हणू नका."

"नाही म्हणत. पण पुढच्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला. वेगवेगळ्या केंद्रांची चित्रं, ती स्वच्छ करण्याच्या वेगवेगळ्या रीती, आणि फरक एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात टिकेनात. एकाच साठ्यातून दोन प्रामाणिक माणसं दोन निष्कर्ष घेऊन बाहेर येतात. कारण फरक आहे तो गटांच्या सरासरीतला, तोही लहानसा. दोन्ही गटांतल्या मुलांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकट्या मुलाचा आकडा हातात दिला, तर तो कोणत्या गटातला हे सांगता येऊ नये."

इथे दोघांच्या वादाने वळण घेतलं. तोवर ती पाडत होती आणि तो सावरत होता. आता त्यानेच सरासरीवर हल्ला चढवला.

"सरासरी फसवी आहे, हे मीच सांगतो," आशावादी म्हणाला. "इस्रायलमध्ये अविताल हहामी आणि राफाएल मलाख यांनी कार्नेगी मेलनच्या मार्लीन बेअरमन यांच्याबरोबर २०१५ मध्ये दाखवलं की ऑटिझम नसलेल्या लोकांचे जोडणीचे नकाशे एकमेकांसारखे असतात. ऑटिझम असलेल्यांचे मात्र प्रत्येकाचे आपापल्या तऱ्हेने वेगळे. एकाचा इथे जास्त तर दुसऱ्याचा तिथे कमी. सरासरी काढली की दोघं एकमेकांना खोडून टाकतात. म्हणजे वीस वर्षं आपण भांडलो ते चुकीच्या प्रश्नावर. 'ऑटिझममध्ये जोडणी कमी की जास्त' हे विचारायचंच नाही. 'या मुलात कशी, त्या मुलात कशी, आणि कशामुळे' हे विचारायचं."

"आता बोललात!"

"थांबा, पुढचं ऐका. इटलीत रोव्हेरेतोला आलेस्सान्द्रो गोझ्झी यांच्या गटाने उंदरांत एक जनुक अर्धवट बंद केलं. माणसात तेच बिघडलं तर ट्यूबरस स्क्लेरोसिस होतो, आणि त्या आजारात ऑटिझम पुष्कळदा आढळतो. उंदरांच्या चेतापेशींवर काटे जास्त, यंत्रात जोडणीही जास्त. मग रॅपामायसिन दिलं. काटे कमी झाले, जोडणी उतरली, वागणंही सुधारलं. मघाशी तुम्ही म्हणालात, मधला रस्ता कोणी चाललं नाही. निदान उंदरात तरी चाललेत. दुसऱ्या जनुकांच्या उंदरांत उलट, कमी जोडणी मिळते. ऑटिझमशी नातं असलेली शंभरावर जनुकं आता माहीत आहेत. कारणं जर इतकी, तर नकाशा एक कसा असेल? २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटाने ऑटिझम असलेल्या २९९ जणांच्या जोडण्यांवरून चार उपगट काढले. चार की चाळीस, ते ठरेल. पण दिशा बरोबर आहे."

शंकेखोर बाईंना हे उंदीर आवडले, हे लपलं नाही. तरी त्यांनी एक हिशेब पुढे टाकला. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये सुमारे पन्नास हजार लोकांच्या चित्रांवरून दाखवलं गेलं, की मेंदूच्या जोडण्या आणि माणसाचं वागणं यांचं नातं भरवशाने सांगायचं तर हजारो माणसं लागतात. शे-दोनशे पुरत नाहीत. २९९ जणांना चार ठिकाणी वाटलं तर एकेका वाट्याला पंचाहत्तर येतात. आपणच मुलांचे कप्पे करायचे आणि ते निसर्गानेच केलेत म्हणायचं, असं होता कामा नये, एवढंच तिचं म्हणणं.

"आणि यंत्रात कोणती मुलं नाहीत, त्याचं काय?" तिने विचारलं. इथे तिचा आवाज चढला. "इंग्लंडच्या जिनी रसेल यांनी एका वर्षात छापलेले तीनशेवर अभ्यास तपासले. त्यांत भाग घेतलेल्या ऑटिझम असलेल्या लोकांपैकी ९४ टक्क्यांना बौद्धिक अक्षमता नव्हती. प्रत्यक्षात काय आहे? अमेरिकेत ऑटिझम असलेल्या आठ वर्षांच्या मुलांत चारातलं एक मूल जवळजवळ बोलत नाही, किंवा त्याचा बुद्ध्यांक पन्नासच्या खाली आहे. माझ्याकडे येणारं सात वर्षांचं मूल, जे अजून पाणी हवं म्हणून आईचा हात धरून माठाकडे नेतं, ते त्या नळकांड्यात दहा मिनिटं निश्चल पडून राहील? ते त्या ५३९ मध्ये नाही. तुमचा 'ऑटिझमचा मेंदू' हा सांगितल्यावर न हलणाऱ्या मुलांचा मेंदू आहे."

यावर आशावादी थोडा गप्प राहिला, आणि मग त्याने आपलं सगळ्यात भारी पान टाकलं. झोपलेली मुलं.

२०१७ मध्ये अमेरिकेत एमर्सन आणि सहकाऱ्यांनी सहा महिन्यांच्या ५९ बाळांची चित्रं घेतली. सगळ्यांची मोठी भावंडं ऑटिझम असलेली. अशा घरांतल्या पाच बाळांमागे साधारण एकाला ऑटिझम निघतो. बाळाला पाजून, गुंडाळून, कान झाकून झोपवायचं आणि गाढ झोप लागली की पंधरा मिनिटं चित्रं घ्यायची. मेंदूचे २३० भाग धरले, म्हणजे २६,३३५ जोड्या. बाळं दोन वर्षांची झाली तेव्हा अकरा जणांना ऑटिझमचं निदान झालं. सहा महिन्यांच्या वेळच्या जोडण्यांवरून संगणकाने त्या अकरांतली नऊ बाळं ओळखली होती. उरलेल्या ४८ जणांत एकही खोटा इशारा नव्हता.

"सहाव्या महिन्यात मूल नजर चुकवत नसतं, हाकेला न वळण्याची तक्रारही नसते," तो म्हणाला. "वागण्यात काही दिसायच्या आधी मेंदूत दिसतंय. ज्या वयात मेंदू सगळ्यात लवचिक असतो, ते वर्ष-दीड वर्ष हाती लागतं. आणि हे बाळ झोपलेलं आहे. सांगितल्यावर हलतं की नाही, हा प्रश्नच नाही. पुढे बोलणारी, न बोलणारी, सगळी बाळं झोपतातच."

"झोपलेल्या मेंदूची जोडणी जाग्या मेंदूसारखी नसते, पण ते सोडा," ती म्हणाली. "अठ्ठेचाळिसांत शून्य म्हणजे नेहमी शून्य नव्हे. एवढ्या संख्येत शून्य आलं, तर खरा आकडा शंभरात सहापर्यंत असू शकतो. आपण पाच धरू आणि गणित करू. भावंडांच्या घरांतली शंभर बाळं घ्या. वीस जणांना ऑटिझम असणार, त्यांतली सोळा सापडली. उरलेल्या ऐंशीत खोटे इशारे चार. म्हणजे वीस घरांना सांगितलं, सोळा ठिकाणी खरं ठरलं. ठीक आहे. आता हीच तपासणी सगळ्यांना लावा. आपल्याकडे उत्तर गोव्यासह देशात पाच ठिकाणी घरोघर पाहणी झाली, २०१८ मध्ये छापली. तिच्यातून शंभरात साधारण एक असा आकडा येतो. हजार बाळांत दहा. त्यांतली आठ सापडली. उरलेल्या ९९० मध्ये खोटे इशारे जवळपास पन्नास. अठ्ठावन्न आयांना सांगायचं, आणि त्यांतल्या पन्नास जणी दोन वर्षं रोज बाळाच्या डोळ्यांत बघून रात्री झोपणार नाहीत."

"सगळ्यांना लावा असं कोण म्हणतंय? भावंडांपुरतंच."

"तुम्ही नाही म्हणत. पण 'ब्रेन मॅपिंग' अशी पाटी लावलेली दुकानं आजच आहेत. डोक्याला तारा लावून रंगीत कागद हातात देतात, तांबडा भाग 'दुरुस्त' करायला चाळीस बैठकांचं पॅकेज विकतात. तुमचा प्रबंध त्यांना वाचावाही लागत नाही, त्याचा रंग पुरतो."

ती दुकानं आशावाद्यालाही डाचतात. पण दुकानदारांच्या भीतीने संशोधन आखडतं घ्यायचं, हे त्याला मंजूर नव्हतं. त्याने आयांचाच दाखला दिला. १९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांनी ऑटिझमचं खापर आयांच्या थंडपणावर फोडलं होतं. मेंदूविज्ञान आलं नसतं तर आजही आयाच आरोपीच्या पिंजऱ्यात असत्या, असं तो म्हणाला.

"आया सुटल्या त्या एमआरआयमुळे नाही," तिने लगेच दुरुस्त केलं. "सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी १९७७ मध्ये जुळ्यांच्या एकवीस जोड्या शोधल्या. एकसारख्या जुळ्यांच्या अकरा जोड्यांत चार ठिकाणी दोघांनाही ऑटिझम होता. वेगळ्या जुळ्यांच्या दहा जोड्यांत एकाही ठिकाणी नाही. घर तेच, आई तीच. घरोघर फिरून, मुलं बघून काढलेला निष्कर्ष. आणि मुलांच्या उपयोगी पडेल असं काही म्हणाल, तर गोव्याकडे बघा. गोवा आणि रावळपिंडी इथे मिळून २०१६ मध्ये एक चाचणी झाली. ऑटिझम असलेली ६५ मुलं. उपचार देणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. आई मुलाबरोबर खेळते त्याचा व्हिडिओ काढायचा, मग तिच्याबरोबर बसून तो बघायचा, थांबवायचा : इथे त्याने गाडी तुमच्याकडे ढकलली, तुम्ही मात्र रंग कोणता विचारत होतात. सहा महिन्यांत बारा भेटी. आया मुलाच्या कलाने घेऊ लागल्या, मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली."

"आणि दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ?" आशावाद्याने विचारलं. "तो घटला. त्याच निबंधात आहे. का घटला? कोणत्या मुलांत घटला? वागण्याच्या पातळीवर बसून याचं उत्तर मिळेल का? कोणाला ही पद्धत लागू पडेल आणि कोणाला नाही, ते सांगणारं काही आतून मिळालं, तर तुम्हालाच हवं आहे."

ते तिला हवंच होतं. ती तसं म्हणाली. पण आधी तिने ऑस्ट्रेलियाचा दाखला दिला. तिथे अँड्र्यू व्हाइटहाउस यांच्या गटाने नऊ ते चौदा महिन्यांची १०३ बाळं निवडली ती यंत्राने नव्हे, नजर, बोट दाखवणं, टाटा करणं अशा साध्या खुणा बघून. अर्ध्या आईबापांना व्हिडिओ दाखवून शिकवलं. तिसऱ्या वर्षी, तपासता आलेल्यांपैकी शिकवलेल्या गटात ४५ पैकी तिघांना निदान मिळालं, दुसऱ्या गटात ४४ पैकी नऊ जणांना. "यंत्राशिवाय एवढं होतं. तुमचं यंत्र यात काय भर घालतं, ते दाखवा. आकडा आधी पाकिटात बंद करा, बाळ मोठं होऊ द्या, मग पाकीट फोडा. नव्या बाळांवर. मी मान्य करीन."

"झोपलेल्या बाळांच्या त्या गटाने नव्या बाळांचं काम हाती घेतलंच आहे. पण पाकीट फोडून ताडून कशाशी बघणार?" आशावाद्याने विचारलं. "दोन वर्षांच्या वेळच्या निदानाशी? दुसऱ्या वर्षी काही नाही म्हणून सोडलेल्या कित्येक भावंडांना तिसऱ्या वर्षी निदान मिळतं. मुलींना तर आणखी उशिरा. यंत्राने सहाव्या महिन्यात हो म्हटलं, दुसऱ्या वर्षी डॉक्टरने नाही म्हटलं आणि पाचव्या वर्षी शाळेने बोलावून घेतलं, तर दुसऱ्या वर्षी खोटं कोण ठरलं होतं?"

"म्हणजे तुम्हाला कधीच हरायचं नाही. अजून दिसलं नाही, पुढे दिसेल, असं म्हणत राहायचं."

"नाही. वय आधी ठरवू. पाच."

"आठ," ती म्हणाली. "पाचव्या वर्षी नकला करून वर्गात खपून जाणाऱ्या मुली मी पाहिल्यात. आठ वर्षं झाली, आणि शाळेतल्या बाईंना, आईला, त्या मुलीला स्वतःला कुठेच काही अडलं नाही, तर तुमचा आकडा चुकला म्हणायचं."

"अडलं नाही, पण आठव्या वर्षीही यंत्रात तेच दिसत राहिलं, तर? तरी चुकलाच?"

"तर मग सहा महिन्यांच्या बाळात तुम्ही जे शोधलं होतं त्याला ऑटिझम म्हणायचं का, तेच पुन्हा ठरवावं लागेल."

याला तो नाही म्हणाला नाही. वयावर मात्र त्यांचं जुळलं नाही. आठ वर्षांत ही यंत्रं जुनी होतील आणि पैसे देणारे निघून जातील, म्हणून तो पाचावर अडून राहिला. ती आठावरून खाली आली नाही.